मॅकिन्टॉश : रेनकोटामागचा रसायनशास्त्रज्ञ

जून महिना तोंडावर आला की मुंबई-पुण्यातल्या दुकानांबाहेर रेनकोट टांगले जातात आणि गिऱ्हाइकांची नेहमीची पारख सुरू होते. पाण्याचा थेंब आत शिरता कामा नये, पण अंगाला घामही येऊ नये. प्रवासाच्या बॅगेत घडी घालून मावला पाहिजे आणि अंगात घातल्यावर चारचौघांत बराही दिसला पाहिजे. या साऱ्या अटी एकाच कोटात क्वचितच जुळून येतात. ही तक्रार आजची नाही. तिला जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासाच्या आरंभी ग्लासगोचा एक रसायनशास्त्रज्ञ उभा आहे. त्याचे नाव चार्ल्स मॅकिन्टॉश. इंग्रजी भाषेने रेनकोटालाच त्याचे नाव दिले. आपल्याकडे इस्पितळातील खाटेवर चादरीखाली अंथरल्या जाणाऱ्या रबरी कापडाला परिचारिका आजही मॅकिन्टॉशच म्हणतात. एवढे अमरत्व लाभलेल्या या माणसाने केलेला शोध मात्र त्याच्या हयातीत अपुराच राहिला होता.

चार्ल्सचा जन्म २९ डिसेंबर १७६६ रोजी ग्लासगो येथे झाला. त्याचे वडील जॉर्ज मॅकिन्टॉश हे स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर भागातून शहरात येऊन उद्योगात नाव कमावलेले गृहस्थ होते. १७७७ मध्ये त्यांनी डनचॅटन येथे कडबेअर नावाच्या जांभळ्या रंगाचा कारखाना काढला. हा रंग खडकांवर वाढणाऱ्या दगडफुलापासून तयार होई आणि त्यासाठी अमोनिया लागे. त्या काळी अमोनिया मिळवण्याचा स्वस्त मार्ग एकच होता, तो म्हणजे मूत्र. त्यामुळे ग्लासगोच्या घराघरांतून ते गोळा करून कारखान्यात आणले जाई. रंगाची कृती बाहेर फुटू नये म्हणून जॉर्ज यांनी कारखान्याभोवती उंच भिंत घातली होती आणि कामावर केवळ गेलिक बोलणारे डोंगराळ मुलखातले लोक ठेवले होते. जगाने टाकून दिलेल्या वस्तूतून किमती माल निर्माण होतो आणि धंद्याचे गुपित जपावे लागते, हे दोन धडे चार्ल्सला घरातच मिळाले.

शालेय शिक्षण ग्लासगोत आणि काही काळ यॉर्कशायरमध्ये झाल्यावर त्याला एका व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून म्हणून बसवण्यात आले. पण हिशेबाच्या वह्यांत त्याचे मन रमले नाही. मोकळा वेळ तो रसायनशास्त्राला देई. ग्लासगोत विल्यम आयर्विन आणि पुढे एडिंबरोत जोसेफ ब्लॅक यांच्या व्याख्यानांना तो हजेरी लावत असे. ब्लॅक म्हणजे सुप्त उष्णतेचा सिद्धांत मांडणारे त्या काळचे थोर शास्त्रज्ञ. वयाची विशी उलटण्यापूर्वीच चार्ल्सने कारकुनी सोडली आणि नवसागर तयार करण्याचा उद्योग सुरू केला.

यानंतरची तीस वर्षे त्याने एकामागून एक रासायनिक उद्योग उभे केले. १७९७ मध्ये रेन्फ्रूशायरमधील हर्लेट येथे त्याने स्कॉटलंडमधील तुरटीचा पहिला कारखाना काढला. कापडावर रंग पक्का बसावा म्हणून रंगाऱ्यांना तुरटी लागे. मॅकिन्टॉशने ती कोळसा काढून झालेल्या जुन्या खाणींतील निरुपयोगी दगडापासून मिळवली. याच सुमारास चार्ल्स टेनंट या ब्लीचिंगच्या व्यवसायातील उद्योजकाशी त्याने भागीदारी केली. त्या वेळी कापड पांढरे करायचे म्हणजे ते आठवडेच्या आठवडे उन्हात कुरणावर पसरून ठेवावे लागे. क्लोरिन वायू कोरड्या चुन्यात शोषून घेऊन तयार केलेल्या ब्लीचिंग पावडरने हे काम काही तासांवर आणले आणि कापडउद्योगाचा चेहरामोहरा बदलला. १७९९ चे या पावडरीचे पेटंट टेनंटच्या नावावर आहे. तिच्या निर्मितीत मॅकिन्टॉशचा वाटा मोठा होता, असे अनेक अभ्यासक मानतात. आज आपल्या नळाच्या पाण्याच्या शुद्धीकरणापर्यंत पोहोचलेल्या या पावडरीशी त्याचे नाव मात्र जोडले गेले नाही. ते जोडले गेले एका कोटाशी.

त्या कोटाचा उगम रस्त्यावरच्या दिव्यांत आहे. १८१८ पासून ग्लासगोत दगडी कोळशाच्या गॅसचे दिवे लागू लागले. कोळसा तापवून गॅस काढला की मागे काळे डांबर आणि अमोनियायुक्त पाणी उरे. गॅस कंपनीला या घाणीचे काय करावे हा प्रश्न होता. मॅकिन्टॉशने ती विकत घेण्याचा करार केला. त्याला हवा होता अमोनिया, वडिलांच्या रंगाच्या कारखान्यासाठी. पण डांबरही पदरात पडले होते. त्याचे ऊर्ध्वपातन केल्यावर नॅफ्था नावाचा पातळ, उग्र वासाचा आणि झटकन उडून जाणारा द्रव मिळे. या नॅफ्थाचा काही उपयोग करता येईल काय, या विचारातून तो रबराकडे वळला.

रबर तेव्हा युरोपला नवे नव्हते. दक्षिण अमेरिकेतील रहिवासी झाडाचा चीक लावून पादत्राणे आणि भांडी जलरोधक करतात, हे युरोपियनांना ठाऊक होते. परंतु युरोपात रबर येई ते घट्ट गोळ्यांच्या रूपात, आणि पेन्सिलीच्या खुणा खोडण्यापलीकडे त्याचा फारसा उपयोग होत नसे. ते विरघळवून कापडावर लावण्याचे प्रयत्न झाले होते. टर्पेंटाइन आणि इथर वापरून पाहण्यात आले होते. पण विद्रावक महाग पडे, नाहीतर कापडावरचा थर चिकटच राही आणि तसला कोट घालून बसलेला माणूस खुर्चीलाच चिकटण्याची भीती असे. नॅफ्थाने रबर चांगले विरघळले आणि ते स्वस्तही होते. चिकटपणा मात्र कायम राहिला. येथेच मॅकिन्टॉशची खरी कल्पकता दिसते. चिकटपणा घालवण्याच्या नादी न लागता त्याने तोच कामाला लावला. एका कापडावर रबराचे द्रावण पसरायचे, त्यावर दुसरे कापड ठेवून दाबायचे आणि चिकट थर कायमचा आत कोंडून टाकायचा. बाहेरून हाताला कोरडे लागणारे, आतून पाणी अडवणारे असे दुपदरी कापड तयार झाले. जून १८२३ मध्ये त्याला त्याचे पेटंट मिळाले आणि त्याच वर्षी तो लंडनच्या रॉयल सोसायटीचा सदस्य म्हणून निवडला गेला.

या यशाला वादाची एक किनार आहे. कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या द्रवात रबर विरघळते, हे एडिंबरोतील जेम्स साइम या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १८१८ मध्येच शोधून प्रसिद्ध केले होते. शस्त्रक्रियेच्या अभ्यासात गुंतलेल्या साइमने पेटंट घेतले नाही. पुढे तो नामांकित शल्यविशारद झाला. विरघळवण्याची युक्ती साइमची, तर दोन कापडांमध्ये रबर बंद करण्याची मॅकिन्टॉशची, असा न्याय आज करता येतो. त्या काळी मात्र हा प्रश्न प्रतिस्पर्ध्यांच्या हातातील शस्त्र ठरला.

कापड विणण्याचे खरे केंद्र मँचेस्टर होते. तेथील गिरणीमालक बर्ली बंधूंशी भागीदारी करून मॅकिन्टॉशने आपला कारखाना काढला. आरंभीच्या गिऱ्हाइकांत ध्रुवप्रदेशाचा संशोधक जॉन फ्रँकलिन होता. १८२५ मध्ये सुरू झालेल्या त्याच्या उत्तर अमेरिकेतील मोहिमेसोबत या कापडाच्या वस्तू गेल्या. ॲश लाकडाच्या सांगाड्यावर मॅकिन्टॉशचे कापड ताणून बनवलेली एक छोटी, उचलून नेता येणारी होडीही त्यांत होती. अक्रोडाचे कवच असे तिचे नाव होते आणि तिचे वजन होते अवघे ८५ पौंड. फॅशनच्या जगातही या कापडाला मान मिळाला. गार्ड्स पलटणींच्या अधिकाऱ्यांनी त्याच्या हलक्या कफन्या वापरल्या, तर ड्यूक ऑफ यॉर्कने किरमिजी रेशमी अस्तराचा निळा लष्करी झगा शिवून घेतला. याहून मोठा ग्राहकवर्ग होता तो सामान्य प्रवाशांचा. तेव्हाचा लांबचा प्रवास घोडागाड्यांचा. आतल्या जागेचे भाडे न परवडणारे प्रवासी गाडीच्या टपावर बसत आणि तासन् तास पावसात भिजत. लोकरीचा जाड ओव्हरकोट पाणी पिऊन जड होई. अशा माणसाला पाणी न शोषणारा कोट म्हणजे वरदानच होते.

परंतु ही वाहवा फार काळ टिकली नाही. पहिली अडचण आली शिंप्यांकडून. मॅकिन्टॉश कापड विकत असे, कोट शिवत शिंपी. सुईने पाडलेल्या प्रत्येक भोकातून पाणी आत शिरू लागले. दोष शिवणीचा, पण बोल लागला कापडाला. अखेर कंपनीला स्वतःच कोट शिवणे आणि शिवणी रबराने बंद करणे भाग पडले. दुसरी अडचण अधिक गंभीर होती, कारण ती रबराच्या स्वभावातच होती. कच्चे रबर कडाक्याच्या थंडीत लाकडासारखे ताठ होते आणि उन्हात मऊ पडून चिकटते. लोकरीतील तेलाने त्याचा थर लवकर खराब होई. नॅफ्थाचा आणि रबराचा वास काही केल्या जात नसे. कोट घातलेला माणूस खोलीत आला की त्याची वर्दी आधी वासच देई. शिवाय पावसाला बाहेर ठेवणारे कापड घामाला आत कोंडत होते. घाम अडवणे प्रकृतीला घातक आहे, असा आक्षेप डॉक्टर मंडळी घेऊ लागली. कोट उपयोगी होता, पण सुखकर नव्हता, आणि देखणा तर त्याहून नव्हता. पुढे रेल्वेचे छप्पर असलेले डबे आले आणि टपावरचा प्रवासी हळूहळू नाहीसा झाला. धंद्याला त्याचीही झळ बसली.

या कसोटीच्या काळात मदतीला आला लंडनचा थॉमस हॅन्कॉक. रबराचे तुकडे दातेरी यंत्रात मळून त्यांचा एकजीव गोळा करण्याचे तंत्र त्याने शोधले होते आणि ते अनेक वर्षे कामगारांपासूनही लपवून ठेवले होते. मळलेल्या रबराला नॅफ्था कमी लागे, थर एकसारखा बसे. १८२५ मध्ये त्याने मॅकिन्टॉशच्या पेटंटचा परवाना घेतला आणि पुढे तो कंपनीत भागीदार झाला. दोन गुपिते जपणारे दोन धंदे एकत्र आले आणि मालाचा दर्जा सुधारला. नक्कल करणाऱ्यांशी कोर्टात झगडावे लागले. १८३६ च्या खटल्यात कंपनीचे पेटंट ग्राह्य ठरले. याच सुमारास त्याचे आडनाव कोटाचे सामान्यनाम म्हणून इंग्रजीत रुळू लागले, तेही एका जादा अक्षराची भर पडून. आडनावाच्या इंग्रजी लेखनात नसलेले ‘के’ हे अक्षर कोटाच्या नावात शिरले ते आजतागायत तेथेच आहे.

मॅकिन्टॉशची जिज्ञासा कोटापुरती थांबली नाही. १८२५ मध्ये त्याने लोखंडाचे पोलादात रूपांतर करण्यासाठी कार्बनयुक्त वायू वापरण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. १८२८ मध्ये जेम्स नीलसनने भट्टीत थंडऐवजी तापवलेली हवा सोडून लोखंड गाळण्याची रीत काढली, तेव्हा ती उभी करण्यात मॅकिन्टॉशने साहाय्य केले आणि त्या पेटंटमध्ये त्याला वाटा मिळाला. या रीतीने कोळशाची प्रचंड बचत झाली. तिच्याही वाट्याला दीर्घ कोर्टबाजी आली आणि तिचा निकाल १८४३ मध्ये पेटंटधारकांच्या बाजूने लागला. त्याच वर्षी, २५ जुलै रोजी, डनचॅटन येथे वयाच्या ७७ व्या वर्षी चार्ल्स मॅकिन्टॉशचे निधन झाले.

नियतीचा खेळ असा, की त्याच्या शोधातील मूळ वैगुण्य त्याच्या मृत्यूनंतर चारच महिन्यांत दूर होण्याच्या मार्गाला लागले. रबरात गंधक मिसळून ते तापवले तर थंडीत ताठ होत नाही आणि उन्हात वितळत नाही, हे अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने आधीच शोधले होते. त्याचे नमुने १८४२ मध्ये इंग्लंडला आले. ते हॅन्कॉकच्या हाती पडले आणि प्रयोगांती त्याने नोव्हेंबर १८४३ मध्ये या प्रक्रियेसाठी इंग्लंडमध्ये पेटंटचा अर्ज केला. ज्या कापडाने मॅकिन्टॉशला वीस वर्षे टीका ऐकायला लावली होती, ते आता खऱ्या अर्थाने टिकाऊ झाले. ते पाहायला तो राहिला नव्हता.

घामाचा प्रश्न मात्र रबराने सुटण्यासारखा नव्हताच. त्याला वेगळ्या वाटेने उत्तर शोधले इंग्लंडमधील बेसिंगस्टोक गावच्या थॉमस बर्बरी या कापडविक्रेत्याने. १८७९ मध्ये त्याने गॅबर्डिन कापड तयार केले. त्यात विणण्यापूर्वीच सुतावर जलरोधक प्रक्रिया केलेली असे आणि वीण इतकी घट्ट, की पाणी ओघळून जाई, पण अंगाला हवा लागे. पहिल्या महायुद्धातील सैनिकी अधिकाऱ्यांचा ट्रेंच कोट याच वाटेने आला आणि त्याने रेनकोटाला रुबाब दिला. पुढे १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोरने टेफ्लॉनचा ताणलेला, सूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा तयार केला. त्या छिद्रांतून पाण्याचा थेंब आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर पडते. गिर्यारोहकांच्या महागड्या जॅकेटमध्ये हा पापुद्रा कापडांच्या पदरांमध्ये बसवलेला असतो. म्हणजे मधला थर बदलला, पण तो कापडात बंद करून ठेवण्याची युक्ती १८२३ च्या पेटंटमधलीच राहिली.

ज्या ब्लीचिंग पावडरीने जग बदलले तिच्यावर मॅकिन्टॉशचे नाव नाही आणि ज्या कोटाने त्याला आयुष्यभर बोल ऐकवले त्याने त्याचे नाव घरोघरी नेले. त्याच्या कीर्तीतला हा विरोधाभास आहे. पण एक गोष्ट नाकारता येणार नाही. त्याच्यापूर्वी पावसात भिजणे हे प्रवाशाचे प्राक्तन होते. त्याच्यानंतर ती रेनकोटातली उणीव ठरली, आणि उणीव म्हटली की ती भरून काढण्याची खटपट सुरू होते. दुकानात कोट उलटसुलट करून शिवण तपासणारा, अस्तरावरून हात फिरवणारा आजचा ग्राहक नकळत तीच खटपट पुढे नेत असतो.