भिषग्वर, भक्त आणि जिज्ञासू : डॉ. आत्माराम पांडुरंग

ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत थोर पुरुषांची चरित्रे छापण्याचा प्रघात जुना आहे. ती चरित्रे बहुधा आपल्याच ज्ञातीत जन्मलेल्या कर्त्या पुरुषांची असतात, आणि त्यात वावगे असे काहीच नाही. घरातील वडिलांचे स्मरण घराने करावे हे स्वाभाविकच होय. यंदा मात्र आम्ही ज्या पुरुषाचे चरित्र सभासद कुटुंबांपुढे ठेवीत आहोत, ते कोणत्या ज्ञातीचे, हा प्रश्न आम्ही बुद्ध्याच बाजूस ठेवला आहे. ज्ञातिज्ञातींमधील भिंतींना दारे पाडण्यात ज्यांचे आयुष्य खर्ची पडले, त्यांना एका भिंतीच्या आत बसवणे त्यांच्या स्मृतीला शोभणारे नाही. ज्ञातिसंस्थेने अशा पुरुषाचे गुणगान करावे यात काहींना विसंगती वाटेल. ती विसंगती आम्हालाही जाणवते. किंबहुना तिच्यामुळेच हे चरित्र लिहिण्याची आम्हाला निकड वाटली.

डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांचा जन्म इ. स. १८२३ मध्ये झाला. कुलनाम वसईजवळील तर्खड गावावरून आलेले. परंतु कुटुंब मुंबईत स्थायिक झालेले होते. ज्येष्ठ बंधू दादोबा पांडुरंग यांचे नाव मराठी व्याकरण शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यांचे मराठी व्याकरण इ. स. १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसरे बंधू भास्कर पांडुरंग यांनी इ. स. १८४१ मध्ये मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रात टोपणनावाने पत्रे लिहून इंग्रजी राज्याच्या आर्थिक शोषणावर निर्भीड टीका केली. एका बंधूने भाषेची घडी बसवली, दुसऱ्याने राज्यकर्त्यांना जाब विचारला आणि तिसऱ्याने रोग्यांची नाडी हाती घेतली. असा त्रिवेणी योग एका घरात क्वचितच जुळून येतो.

त्या काळची मुंबई नव्या विद्येने नुकतीच जागी होत होती. एल्फिन्स्टन विद्यालयातून बाहेर पडलेल्या तरुणांना जे जे शिकावे ते ते पारखून पाहण्याचा छंद लागला होता. इ. स. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि त्याची सूत्रे डॉ. चार्ल्स मोरहेड यांच्या हाती होती. ह्या कॉलेजात प्रवेश घेणे हे त्या वेळी धाडसाचेच काम होते. प्रेताला स्पर्श करणे म्हणजे विटाळ, मग त्याची चिरफाड करून शरीराचे ज्ञान मिळवणे ही गोष्ट सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या घरांना कशी रुचावी ? तरीही काही तरुण त्या वाटेने गेले. इ. स. १८५१ मध्ये जी पहिली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली, तीत आत्माराम पांडुरंग होते आणि पुढे पुराणवस्तुसंशोधनात नाव मिळवणारे डॉ. भाऊ दाजी लाड हेही होते. त्याच तुकडीत हिंदू, पारशी आणि ख्रिस्ती तरुण एका बाकावर बसून शिकले होते. रोग जातपात पाहून जडत नाही, हा धडा त्यांना शवागारात आणि रुग्णालयात पुस्तकाविनाच मिळाला असला पाहिजे.

ह्या पुरुषाच्या धर्मविचाराकडे वळण्यापूर्वी त्यांच्या घरातील एका प्रयोगाची माहिती वाचकांना असणे अवश्य आहे. दादोबांनी सुरतेस असताना इ. स. १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजी यांच्यासमवेत मानवधर्मसभा स्थापन केली होती. मुंबईत परतल्यावर इ. स. १८४९ मध्ये त्यांच्याच प्रेरणेने परमहंस मंडळी उभी राहिली. ईश्वर एक आणि मनुष्यजात एक, हे त्या मंडळीचे सूत्र होते. सभासद भिन्न जातींचे. ते एकत्र बसून भोजन करीत आणि परजातीच्या हातचे अन्न घेत. परंतु हे सर्व गुप्तपणे चाले. इ. स. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी चोरीस गेली, नावे उघड होण्याची धास्ती पसरली आणि मंडळी विस्कटून गेली. जी माणसे बंद दाराआड निर्भय होती, ती दार उघडताच कचरली. त्यांना दोष देणे सोपे आहे. बहिष्कार म्हणजे काय असे, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांनाच त्या भीतीची कल्पना येईल : भावकीत पंगतीला पान वाढले जात नसे, मुलीचे लग्न अडे, प्रसंगी प्रेताला खांदा द्यायलाही कोणी पुढे येत नसे.

डॉ. आत्मारामांनी पुढे जे कार्य केले, त्याचे मोल ह्या अपयशाच्या पार्श्वभूमीवरच समजते. इ. स. १८६४ मध्ये बंगालचे ब्राह्मधर्मप्रचारक केशवचंद्र सेन मुंबईस आले आणि त्यांच्या व्याख्यानांनी सुशिक्षित मंडळींत खळबळ उडवून दिली. पुढील तीन वर्षे ही चर्चा चालू राहिली आणि ३१ मार्च १८६७ रोजी प्रार्थनासमाजाची स्थापना झाली. डॉ. आत्माराम त्याचे संस्थापक आणि पहिले अध्यक्ष. बाळ मंगेश वागळे, वासुदेव बाबाजी नवरंगे, मामा परमानंद अशी मंडळी त्यांच्या सोबतीला होती. लवकरच न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यात सामील झाले आणि समाजाला मोठे वैचारिक बळ लाभले.

नव्या समाजाने परमहंस मंडळीपासून दोन गोष्टी शिकून घेतल्या. पहिली ही, की जे करावयाचे ते उघडपणे करावे. उपासनेला कोणीही यावे, बसावे, ऐकावे, पटले नाही तर निघून जावे. दुसरी ही, की ज्याला जेवढे पेलेल तेवढेच त्याच्याकडून मागावे. एका निराकार परमेश्वराची भक्ती आणि प्रार्थना हा समाजाचा गाभा. मूर्तिपूजेला व जातिभेदाला समाजाची मान्यता नव्हती. तथापि घरची सर्व नाती तोडून, जानवे टाकून मगच आत यावे, अशी अट समाजाने घातली नाही. बंगालमधील ब्राह्मांप्रमाणे वेगळा पंथ, वेगळे नाव आणि वेगळी ज्ञाती होण्याचे मुंबईकरांनी टाळले. उपासनेत त्यांनी तुकोबा-नामदेवांचे अभंग आणले. वारकऱ्याच्या मुखातील वाणी आणि इंग्रजी शिकलेल्या तरुणाच्या मनातील शंका ह्या दोघांना एका छताखाली बसवण्याचा तो प्रयत्न होता.

ह्या सौम्य धोरणावर त्या काळीही टीका झाली आणि पुढील पिढ्यांनीही केली. सनातन्यांना हे लोक बाटलेले वाटले, तर कडव्या सुधारकांना भित्रे. सभागृहात एक आणि स्वयंपाकघरात दुसरे असे वागणारे सभासद समाजात होते, हे नाकारता येणार नाही. टीका सर्वस्वी अन्याय्य आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु वैद्याचा धंदा करणाऱ्या पुरुषाने संस्थेची प्रकृती कशी राखली, हे पाहण्याजोगे आहे. जीर्ण व्याधीवर एकदम जहाल मात्रा दिली तर रोगाआधी रोगीच दगावतो. परमहंस मंडळीची मात्रा जहाल होती. ती सुमारे अकरा वर्षांत संपली. प्रार्थनासमाज टिकला. इ. स. १८७३ मध्ये त्याचे ‘सुबोध पत्रिका’ हे नियतकालिक निघाले, गिरगावात मंदिर उभे राहिले, पंढरपूरला टाकून दिलेल्या अर्भकांसाठी बालकाश्रम निघाला, कामकऱ्यांसाठी रात्रीच्या शाळा भरू लागल्या. ह्याच समाजाचे प्रचारक असताना महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी इ. स. १९०६ मध्ये अस्पृश्यवर्गाच्या उन्नतीसाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापले. सौम्य मात्रेचा गुण येण्यास वेळ लागला, पण तो आला.

डॉ. आत्मारामांच्या घराचे दारही असेच उघडे होते. स्त्रीशिक्षणाचा केवळ पुरस्कार करून ते थांबले नाहीत. आपली कन्या अन्नपूर्णा हिला त्यांनी शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवले. ज्या काळात समुद्र ओलांडणाऱ्या पुरुषाला प्रायश्चित्त घ्यावे लागे, त्या काळात मुलीला विलायतेस धाडणे म्हणजे काय, हे वाचकांनी मनात आणावे. इ. स. १८७८ मध्ये बंगालमधील एक सतरा वर्षांचा तरुण विलायतेस जाण्यापूर्वी इंग्रजी संभाषण व रीतिरिवाज शिकण्यासाठी ह्या घरी सुमारे दोन महिने राहिला. अन्नपूर्णाबाईंनी त्याला इंग्रजी शिकवले आणि त्याने त्यांना नलिनी हे काव्यमय नाव दिले. तो तरुण म्हणजेच रवींद्रनाथ ठाकूर. उतारवयातही कवींना ह्या सुशिक्षित मराठी कन्येची आठवण राहिली. पुढे अन्नपूर्णाबाईंचा विवाह हॅरल्ड लिटलडेल ह्या बडोद्यातील युरोपीय अध्यापकाशी झाला आणि इ. स. १८९१ मध्ये एडिंबरो येथे त्या अकाली निवर्तल्या. लेकीचे जाणे पाहण्याचे दुःख ह्या पित्याच्या वाट्याला आले.

इ. स. १८७९ मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले. हा मान मोठा होता. परंतु आमच्या मते त्यांच्या उत्तरायुष्यातील अधिक मोलाची गोष्ट निराळीच आहे. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ गृहस्थ जमले. प्राणिसृष्टीविषयी जे जे पाहिले, टिपले ते एकमेकांस सांगावे, मिळालेले नमुने दाखवावे आणि त्यासाठी महिन्यातून एकदा भेटावे, एवढाच त्यांचा साधा संकल्प होता. त्या आठांपैकी सहा युरोपीय होते आणि दोन आपले : डॉ. सखाराम अर्जुन आणि डॉ. आत्माराम पांडुरंग. ह्या बैठकीतून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी जन्मास आली. तिचे नियतकालिक इ. स. १८८६ पासून निघू लागले आणि पुढे डॉ. सलीम अलींसारख्या पक्षितज्ज्ञांचे कार्य तिच्याच आश्रयाने बहरले.

त्या वेळी डॉ. आत्माराम साठीचे होते. ज्या वयात आपल्याकडे माणसे आता नवे काय शिकायचे म्हणून जपमाळ हाती घेतात, त्या वयात हा गृहस्थ कीटक, सर्प आणि पाखरे यांच्याविषयी बोलण्यासाठी आपल्याहून तरुण अशा परक्या माणसांमध्ये जाऊन बसला. प्रार्थनासमाजाची उपासना आणि निसर्गेतिहासाची बैठक ह्या दोन गोष्टी त्यांना परस्परविरुद्ध वाटल्या नसाव्यात. ज्याची सृष्टी, त्याला जाणण्याचा एक मार्ग ती सृष्टी नीट पाहणे हाही आहे. श्रद्धा असलेल्या माणसाला प्रश्नाची भीती वाटण्याचे कारण नाही. भीती वाटत असेल तर ती श्रद्धा नसून केवळ सवय असते.

२६ एप्रिल १८९८ रोजी डॉ. आत्माराम पांडुरंग यांचे निधन झाले. मुंबईत तेव्हा प्लेगचे दिवस होते. शहर वैद्यकीय ज्ञानासाठी आणि माणुसकीसाठी आसुसलेले होते. अशा वेळी शहराच्या पहिल्या पदवीधर वैद्यांपैकी एक हरपला.

आता आम्ही आरंभीच्या विसंगतीकडे परत येतो. ज्ञातिसंस्था ह्या पुरुषाकडून काय घेऊ शकते ? आपली वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, वधूवर मेळावे आणि स्नेहसंमेलने यांची उपयुक्तता आम्ही नाकारीत नाही. अनेक गरीब विद्यार्थी त्यांच्या आधारानेच वर आले. परंतु जी संस्था आधार देते तीच कुंपणही घालू शकते. घरातील मुलगा किंवा मुलगी धर्माविषयी शंका विचारते, परज्ञातीतील जोडीदाराचे नाव घेते, तेव्हा त्या घरात एक तर आरडाओरडा होतो किंवा अबोला धरला जातो. दोहोंतही बोलणे संपते. आणि बोलणे संपले की नात्यात विष साचू लागते, हे कोणत्याही कुटुंबास सांगावयास नको.

डॉ. आत्मारामांच्या आयुष्याकडे पाहता त्यांची चिकित्सा आम्हाला तीन औषधांची दिसते. श्रद्धा अशी, की जी दुसऱ्याला कमी लेखीत नाही. जिज्ञासा अशी, की जी वयाने थकत नाही. आणि संवाद असा, की ज्यात दार आतून लावलेले नसते. शरीराच्या जखमेवर पट्टी बांधणाऱ्या ह्या वैद्याने समाजाच्या जखमेवर ह्याच तिन्हींचा लेप लावला. जखम पूर्ण भरली असे म्हणवत नाही. ती आजही ओली आहे. म्हणूनच औषध चालू ठेवणे भाग आहे.

ज्ञातीच्या कार्यकारी मंडळास आमची नम्र सूचना आहे, की वर्षातील काही बैठका तरी अशा व्हाव्यात, जेथे ज्ञातीबाहेरच्या अभ्यासू माणसांना आदराने बोलवावे, तरुणांनी मोकळेपणी विचारावे आणि वडीलधाऱ्यांनी शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. भायखळ्यास जमलेल्या मंडळींनी महिन्यातून एकच भेट ठरवली होती. तेवढ्यावर त्यांनी एक चिरंजीव संस्था उभी केली. आपल्या घराघरांत तसा संवाद सुरू झाला, तर ह्या थोर भिषग्वराचे स्मरण सार्थकी लागेल, अशी आमची श्रद्धा आहे.