सांध्यांची अमानत : खाशाबा जाधव

सजद्यातून उठताना घोटा, गुडघा व खुबा आपला सारा भार पेलतात. परंतु ते दुखेपर्यंत आपणांस त्यांची आठवण होत नाही. या देणगीचे मोल ज्यांच्या जीवनातून उमगते, असे एक मल्ल आपल्याच कृष्णाकाठी होऊन गेले.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात, कराडजवळच्या गोळेश्वर येथे झाला. वडील पहिलवान होते. कराडपासून सांगलीपर्यंत गावोगावी तालमी होत्या. त्याच तांबड्या मातीच्या परंपरेत खाशाबा घडले. देह लहानसा, पण ढाक हा डाव हुकमी. प्रतिस्पर्ध्याची मान कवेत आवळून, खुब्यावरून त्याला खाली आदळावयाचे. येथे खुबा तरफेचा टेकू होतो. तो समोरच्याच्या नाभीखाली गेला की मोठे वजनही कलंडते. स्नायूला केवळ ओढता येते, ढकलता येत नाही; म्हणून निर्मात्याने स्नायूंच्या जोड्या नेमल्या. एक आखडतो तेव्हा दुसरा सैल होतो. डाव साधतो तो या मेळामुळे.

१९४८ मध्ये लंडनच्या ऑलिंपिकमध्ये, सरावाच्या मातीऐवजी गादीवर लढून, ते सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसा नव्हता. लोकांनी वर्गणी दिली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. शंभराहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीने गावाने त्यांचे स्वागत केले.

पुढे गुडघा दुखावला आणि १९५६ चे ऑलिंपिक हुकले. गुडघा बिजागरीसारखा वाकतो, पीळ मात्र त्याला फारसा सोसत नाही. पोलीस खात्यात त्यांनी दीर्घ सेवा केली. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

वाचकहो, ज्यांनी घर गहाण ठेवले ते आखाड्यात उतरले नव्हते; तरी त्या पदकात त्यांचाही वाटा होता. हदीसनुसार मानवी देहात ३६० सांधे आहेत आणि प्रत्येक सांध्यापोटी दररोज सदका देय आहे. कोणाचे ओझे उचलून देणे, वाटेतील काटा दूर करणे, हाही सदकाच. बळ ही अमानत आहे. ते एका गुडघ्याच्या दुखण्याने परत घेतले जाऊ शकते. तोवर आजचा सदका आपण दिला काय, एवढे स्वतःला अवश्य विचारा.