स्वांते अऱ्हेनियस : खालची श्रेणी मिळालेला प्रबंध

निकालाच्या दिवशी आमच्या भंडारा जिल्ह्यात मूल घरी पोहोचायच्या आधी त्याची श्रेणी पोहोचते. अशा वेळी मला स्वीडनचे स्वांते अऱ्हेनियस आठवतात.

जन्म 19 फेब्रुवारी 1859 चा, उप्साला शहराजवळचा. तिसऱ्या वर्षीच ते आपले आपण वाचायला शिकले. वडिलांच्या हिशेबाच्या वह्या बघत बघत बेरजाही जमल्या.

मोठेपणी त्यांनी एकच प्रश्न धरून ठेवला. मिठाचं पाणी वीज वाहून नेतं, साखरेचं का नाही? 1884 मध्ये त्यांनी यावर प्रबंध दिला आणि 1887 पर्यंत उत्तर पक्कं केलं: मीठ विरघळलं की त्याचे भारित कण, म्हणजे आयन, पाण्यात सुटे होतात. अनेकांना हे पटेना. सोडियम तर पाण्यात पेट घेतो, तो सुटा कसा राहील? (भारित सोडियम वेगळा, हे तेव्हा कोण मानणार!) प्रबंधाला श्रेणी इतकी खालची मिळाली, की विद्यापीठात शिकवायची वाट बंद व्हायची वेळ आली. त्यांनी प्रबंध परदेशातल्या शास्त्रज्ञांना पाठवला. ऑस्टवाल्ड तो वाचून थेट उप्सालाला भेटायला आले, आणि मग अऱ्हेनियसना तिथेच अध्यापनाचं पद मिळालं.

आयन खरंच सुटे असतात, हे आम्ल-आम्लारीच्या अनुमापनात छान दिसतं. चंचुपात्रात हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या, ब्युरेटमधून सोडियम हायड्रॉक्साइड थेंब थेंब सोडा आणि वाहकता मोजत राहा. आधी वाहकता घटत जाते. कारण चपळ हायड्रोजन आयन हायड्रॉक्साइडशी मिळून पाणी होतात, आणि त्यांच्या जागी येणारा सोडियम आयन वीज नेण्यात साधारण सातपट मंद! आम्ल संपलं की वाहकता सर्वांत कमी. त्यापुढचा हायड्रॉक्साइड शिल्लक राहतो, तोही चपळ, म्हणून ती पुन्हा चढते. आलेख इंग्रजी व्ही अक्षरासारखा येतो. टोक आलं की उदासिनीकरण झालं. रंग बदलणारं दर्शक लागतच नाही. व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लात मात्र सुटे आयन मुळातच थोडे, त्यामुळे असा उतार दिसत नाही. क्षार तयार होईल तशी वाहकता बहुतेक वाढतच जाते.

आपल्या लहानग्यांना एवढं नको. तीन सेल, एक एलईडी, पेन्सिलीची दोन शिसं. मिठाच्या पाण्यात दिवा लागतो, साखरेच्या पाण्यात नाही. पालकहो, घरच्या विजेवर मात्र हे कधीच करू नका.

1903 चं रसायनशास्त्राचं नोबेल अऱ्हेनियसना मिळालं, ते याच सिद्धांतासाठी.