चेलोवादक पाब्लो कासाल्स

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना त्यांनीं काय केलें हें आपण आवर्जून पहातों. परंतु त्यांनीं काय करावयाचें नाकारलें, याकडे सहसा आपलें लक्ष जात नाहीं. ज्या पुरुषाचें चरित्र आज आम्ही विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों, तो विसाव्या शतकांतील अत्यंत नांवाजलेला वादक असूनही, कीर्तीच्या शिखरावर असतां त्यानें आपलें वाद्य बहुतेक जगापुरतें मिटून ठेविलें. पाब्लो कासाल्स हें त्याचें नांव. त्याच्या आयुष्याचा पूर्वार्ध प्रवासांत गेला व उत्तरार्ध वाट पहाण्यांत गेला. आणि या दोन्ही काळीं एकट्या चेलोसाठीं रचलेलें एक जुनें संगीत त्याच्या सोबतीस होतें.

चेलो हें वाद्य आपल्या भागांत फार थोड्यांनीं पाहिलें असेल, म्हणून प्रथम त्याची ओळख करून देतों. व्हायोलिन पुष्कळांस माहीत आहे. चेलो हा त्याचा थोरला भाऊ होय. तो इतका मोठा असतो कीं, वादकास खुर्चीवर बसून त्यास दोन गुडघ्यांमध्यें उभा धरावा लागतो. त्यास चार तारा असतात व आपल्या सारंगी-दिलरुब्याप्रमाणें त्या घोड्याच्या केंसांच्या गजानें वाजवितात. त्याचा आवाज भारदस्त पुरुषाच्या गळ्यासारखा खोल व गंभीर असतो. आपल्याकडे सारंगी जशी दीर्घकाळ गायकाच्या मागें बसून साथ करीत आली, तशीच चेलोचीही पुष्कळ काळ स्थिति होती. त्यास स्वतःच्या पायांवर उभें करण्याचें श्रेय ज्यांस जातें, त्यांत कासाल्स यांचें नांव अग्रभागीं आहे.

पाब्लोचा जन्म २९ डिसेंबर १८७६ रोजीं स्पेन देशांतील कातालोनिया प्रांतीं, एल वेंद्रेल नांवाच्या लहानशा गांवीं झाला. वडील कार्लेस हे गांवच्या देवळांत ऑर्गन वाजवीत व गायकवृंदास शिकवीत. आई पिलार हिचा जन्म अटलांटिक महासागरापलीकडील पोर्टो रिको बेटावरचा. घरांत पैसा बेताचा, पण संगीत उदंड. पांच-सहा वर्षांचें वय होतें न होतें तोंच पाब्लो देवळांत गाऊं लागला. एकदां गांवांत फिरत्या वादकांची एक टोळी आली. तींतील एकजण झाडूच्या दांड्याला तार बांधून ती गजानें वाजवीत होता. तें पाहून मुलगा हरखून गेला, तेव्हां वडिलांनीं त्याला वाळलेल्या भोपळ्याचें एकतारी वाद्य करवून दिलें. भोपळ्यांतून सूर निघतो याचें नवल आपल्या मुलांस वाटणार नाहीं. भीमेकांठीं पंढरपूरच्या बाजूस पिकणारे मोठाले भोपळे तंबोऱ्यांसाठीं व सतारींसाठीं मिरजेस जातात, हें आपण जाणतों. पाब्लोचा तो भोपळा पुढें त्याच्या घराच्या वस्तुसंग्रहालयांत जपून ठेवण्यांत आला.

अकरा वर्षांचा असतां त्यानें खरा चेलो प्रथम ऐकला आणि हेंच वाद्य आपण शिकावयाचें असा ध्यास घेतला. संगीतावर पोट भरणें कठीण, हें वडील अनुभवानें जाणत होते. मुलानें सुतारकाम शिकावें अशी त्यांची इच्छा होती. आईनें मात्र मुलाची बाजू घेतली व ती त्यास बार्सेलोना शहरीं घेऊन गेली. तेथील नगरसंगीतशाळेंत त्याचें शिक्षण सुरू झालें. त्या काळीं चेलो शिकणाऱ्यानें उजवा दंड शरीरापासून दूर जाऊं देऊं नये, म्हणून कांखेंत पुस्तक धरून सराव करवीत असत. पाब्लोनें तें बंधन झुगारून हात मोकळा सोडला आणि डाव्या हाताच्या बोटांचीही नवी पद्धत बसविली. दिवसा शिक्षण व रात्रीं एका कॉफीगृहांत वादन, असा त्याचा क्रम होता.

१८९० सालीं वडील त्यास भेटावयास बार्सेलोनास आले असतां दोघे बंदराजवळच्या जुन्या संगीतपुस्तकांच्या दुकानांत शिरले. तेथें धुळींत पडलेलें एक बाड मुलाच्या हातीं लागलें. योहान सेबास्तियन बाख या जर्मन संगीतकारानें एकट्या चेलोसाठीं रचलेले सहा संच त्यांत होते. पाब्लोचें वय तेव्हां अवघें तेरा वर्षांचें होतें. हे संच आहेत, याचीही तोंवर त्याला वार्ता नव्हती.

या संगीताविषयीं येथें थोडें सांगणें अवश्य आहे. बाख हा स्वतः मोठा वाटसरू. १७०५ सालीं, वीस वर्षांचा असतां, थोर ऑर्गनवादक बुक्स्टेहुड याचें वादन ऐकण्यासाठीं आर्नश्टाट गांवाहून ल्यूबेक शहरापर्यंत चारशें किलोमीटरांहून अधिक वाट तो पायीं चालून गेला. रजा चार आठवड्यांची होती; परत आला तो सुमारें चार महिन्यांनीं! आपल्या बारामती-इंदापूर भागांतून दरवर्षीं तुकोबांच्या पालखीबरोबर चालणारे वारकरी आपण पहातों. गळ्यांत वीणा घेऊन दिंडीसोबत चालणारा विणेकरी ज्यानें पाहिला आहे, त्याला सुरासाठीं चालणें म्हणजे काय हें समजावून सांगावें लागणार नाहीं.

पुढें १७२० च्या सुमारास, क्योथन येथील राजपुत्राच्या पदरीं असतां, बाखनें हे सहा संच रचिले. प्रत्येक संचांत सहा भाग, म्हणजे एकूण छत्तीस. आरंभीं एक प्रस्तावना, आणि मग निरनिराळ्या देशांच्या नृत्यांचीं रूपें. त्यांपैकीं एक चाल जर्मनांच्या नांवाची, एक फ्रेंचांकडील, एक संथ व गंभीर चाल स्पेनहून आलेली, आणि शेवटची इंग्लंड-आयर्लंडकडची उड्या मारणारी. एकटा वादक खुर्चीवर बसून श्रोत्यांस जणूं देशोदेशींची यात्रा घडवितो. साथीस दुसरें कोणतेंही वाद्य नाहीं. बाखच्या हातची मूळ प्रत हरवली. त्याची पत्नी आना माग्दालेना हिनें केलेली नक्कल मात्र उरली. १७५० सालीं बाख वारला आणि हे संच छापले गेले ते १८२४ च्या सुमारास. त्यानंतरही लोक त्यांस बोटांच्या सरावाचे धडे समजत; कोणी वाजविलाच तर एखादा सुटा भाग वाजवी.

तेरा वर्षांच्या मुलानें तें बाड घरीं नेलें व तो रोज त्याचा अभ्यास करूं लागला. हा अभ्यास सुमारें बारा वर्षें चालला. इतकें झाल्यावर मगच, वयाच्या पंचविशीच्या सुमारास, त्यानें त्यांतील एक पूर्ण संच लोकांपुढें वाजविण्याचें धैर्य केलें. जो वादक एरवीं लहानपणापासून सभा गाजवीत होता, त्याला या एका कामासाठीं बारा वर्षें थांबावेंसें वाटलें, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानीं घेण्यासारखें आहे.

मधल्या काळांत दारिद्र्यानें त्याची परीक्षा पाहिली. माद्रिदमध्यें राजदरबाराचा आश्रय मिळाला. परंतु पुढें ब्रसेल्स येथील विद्यालयांत एका प्राध्यापकानें त्याची थट्टा केली, तेव्हां त्यानें तेथें शिकण्याचें नाकारलें व तो पॅरिसला गेला. दरबाराकडून येणारी मदत बंद झाली. आई शिवणकाम करून घर चालवी; एकदां तर पैशासाठीं तिनें आपले लांब केंस विकले. अखेर १८९९ सालीं लंडन व पॅरिस येथील वादनानें त्याचें नांव झालें. तेथून जगप्रवास सुरू झाला. १९०१ सालीं अमेरिकेंत डोंगर चढत असतां दरड कोसळून त्याच्या डाव्या हाताचें बोट चिरडलें. आतां पुनः वाजवावें लागणार नाहीं, या विचारानें त्या क्षणीं आपणांस सुटल्यासारखें वाटलें, असें त्यांनीं पुढें सांगितलें आहे. ज्याचें वाद्य हाच त्याचा प्राण, त्यालाही त्या वाद्याचें ओझें वाटत होतें! हात बरा झाला आणि ओझें पुनः खांद्यावर आलें.

१९२० सालीं कासाल्स यांनीं बार्सेलोनांत स्वतःच्या पैशानें मोठा वाद्यवृंद उभा केला व पुढें थोड्याशा वर्गणींत मजुरांस उत्तम संगीत ऐकावयास मिळावें म्हणून एक मंडळही स्थापिलें. १८ जुलै १९३६ रोजीं संध्याकाळीं या वृंदाची तालीम चालू असतां, सैन्यानें बंड केलें असून उद्यांचा कार्यक्रम रद्द झाला आहे, असा निरोप आला. वादकांनीं बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीचा शेवटचा भाग पुरा वाजविला आणि मग ते पांगले. स्पेनमध्यें यादवी युद्ध पेटलें होतें. त्याच वर्षापासून १९३९ पर्यंत लंडन व पॅरिस येथें कासाल्स यांनीं बाखचे सहाही संच ध्वनिमुद्रित केले. आपला देश जळत असतां एका खोलींत एकट्यानें वाजविलेलें तें संगीत आजही ऐकावयास मिळतें.

१९३९ सालीं जनरल फ्रँको याचा जय झाला आणि कासाल्स यांनीं मायभूमि सोडली. फ्रान्सच्या हद्दींत, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशीं, प्राद नांवाच्या लहान गांवीं ते राहिले. जवळच्या छावण्यांत हजारों स्पॅनिश निर्वासित उपाशी व उघडे पडले होते. त्यांच्यासाठीं पत्रें लिहून मदत मागणें, अन्नवस्त्र वांटणें, हें त्यांचें नित्याचें काम झालें. १९४० सालीं जर्मन सैन्य चालून आलें, तेव्हां बोटीनें अमेरिकेस जावें म्हणून ते बोर्दोपर्यंत गेले. पण ज्या बोटीची वाट पहात होते ती सुरुंगानें बुडाली, आणि त्यांस प्रादला परतावें लागलें. पुढें जर्मन अधिकाऱ्यांनीं बर्लिनला वाजविण्यास बोलाविलें असतां त्यांनीं संधिवाताचें निमित्त सांगून नकार दिला.

१९४५ सालीं महायुद्ध संपलें. आतां स्पेनही मुक्त होईल अशी त्यांची आशा होती. परंतु मोठ्या राष्ट्रांनीं फ्रँकोस तसेंच राहूं दिलें. तेव्हां इंग्लंडांत वादन थांबवून व ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांच्या पदव्या नाकारून कासाल्स प्रादला परतले, आणि फ्रँकोच्या राजवटीस मान्यता देणाऱ्या देशांत आपण वाजविणार नाहीं असें त्यांनीं जाहीर केलें.

पणदऱ्यासारख्या कालव्याकांठच्या गांवांत पाण्याच्या पाळीची वाट पहाणें म्हणजे काय, हें आमच्या पालकांस ठाऊक आहे. पाणी उशिरां येईल, पण येईल, एवढी तरी आशा तेथें असते. कासाल्स यांच्या प्रतीक्षेला तेवढाही आधार नव्हता. त्यांच्या मौनानें फ्रँकोची सत्ता ढळली नाहीं. जगाचें नुकसान झालें तें असें कीं, त्यास त्यांचें संगीत मिळेना. मग या मौनाचा उपयोग काय, असा प्रश्न त्या वेळीं पुष्कळांनीं केला. आम्हांस वाटतें, या मौनामुळेंच त्यांच्या देशाचें दुःख विसरणें जगाला कठीण गेलें. पण ही किंमत फार मोठी होती, हेंही आम्ही लपवीत नाहीं.

कासाल्स येत नाहींत तर आपणच जावें, असें अखेर वादकांनीं ठरविलें. १९५० सालीं बाखच्या मृत्यूस दोनशें वर्षें झालीं, त्या निमित्तानें देशोदेशींचे वादक प्रादच्या देवळांत जमले व तेथें कासाल्स यांनीं पुनः बाख वाजविला. पुढें ते आईच्या जन्मभूमीस, पोर्टो रिको येथें जाऊन राहिले. १९५८ सालीं संयुक्त राष्ट्रसंघांत व १९६१ सालीं राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या निमंत्रणावरून त्यांनीं शांततेसाठीं वादन केलें. केनेडी यांचा देश फ्रँकोस मानीत होता. म्हणजे नियमास येथें त्यांनीं मुरड घातली, पण ती शांततेच्या आशेनें. १९७१ सालीं, चौऱ्याण्णव वर्षांचे असतां, त्यांनीं राष्ट्रसंघांत पक्ष्यांचें गीत वाजविलें. ख्रिस्तजन्माचा आनंद पक्षी गातात, असें हें कातालोनियाचें जुनें लोकगीत आहे.

२२ ऑक्टोबर १९७३ रोजीं ते पोर्टो रिकोंत निवर्तले; फ्रँको वारला तो १९७५ च्या नोव्हेंबरांत. आपल्याकडील थोर गायक अब्दुल करीम खाँ हेही असेच प्रवासांत गेले. मद्रासहून पाँडेचरीस जातांना प्रकृति बिघडली म्हणून सिंगपेरुमाळकोइल स्थानकावर ते उतरले, फलाटावर बसून ईश्वराची आळवणी केली, आणि २७ ऑक्टोबर १९३७ रोजीं तेथेंच त्यांनीं देह ठेविला. त्यांचा देह लागलाच मिरजेस आणण्यांत आला. कासाल्स यांस मात्र मृत्यूनंतरही सहा वर्षें थांबावें लागलें. १९७९ सालीं त्यांच्या अस्थि एल वेंद्रेलला आणून जन्मगांवच्या मातींत पुरल्या गेल्या.

अगदीं म्हातारपणींही ते रोज सकाळीं उठून बाख वाजवीत व मगच दिवसाच्या कामास लागत. परीक्षेचा निकाल, नोकरी, पाऊस, परगांवीं गेलेल्या माणसाचें पत्र, यांची वाट आपण सर्वच पहातों. तो काळ कसा घालवावा, हें या वादकापासून शिकतां येईल: तेरा वर्षांच्या वयांत हातीं आलेला धडा त्यानें शहाण्णवाव्या वर्षापर्यंत खालीं ठेविला नाहीं.