दशांशाचा पुरस्कर्ता : सायमन स्टेव्हिन

युरोपातील फ्लँडर्स प्रांतात ब्रूज नावाचे एक जुने व्यापारी नगर आहे. आज ते बेल्जियम देशात मोडते. तेथे १५४८ साली सायमन स्टेव्हिनचा जन्म झाला. तरुणपणी त्याने अँटवर्पच्या बाजारपेठेत हिशेबनिसाचे काम केले. पुढे तो ब्रूज येथील करकचेरीत नोकरीस लागला. या व्यवहारात सामान्य माणसांची एक मोठी अडचण त्याला जवळून पाहावयास मिळाली.

त्या काळी एककाहून लहान भाग व्यावहारिक अपूर्णांकांनी दाखवीत. कापडाचा एक तुकडा पाच अष्टमांश हात आणि दुसरा सोळा पंचविसांश हात असला, तर मोठा कोणता? हे ठरविण्यासाठी छेद समान करावे लागत. ज्याला हे गणित येत नसे, त्याला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून राहावे लागे. व्याजाचे हिशेब तर याहूनही अवघड. सावकारी पेढ्यांपाशी त्यांची तयार कोष्टके असत. परंतु ती गुप्त ठेवली जात. १५८२ साली स्टेव्हिनने अशी कोष्टके छापून सर्वांसाठी खुली केली.

तत्पूर्वीच, १५८१ साली, तो हॉलंडमधील लायडन नगरात जाऊन राहिला होता. तेथे १५८५ साली त्याने दशांश अपूर्णांकांवर एक छोटेसे पुस्तक प्रसिद्ध केले. विद्वानांची भाषा तेव्हा लॅटिन होती. पण स्टेव्हिनने ते लोकांच्या डच भाषेत लिहिले. जमीन मोजणारे, कापड मोजणारे, मद्याची पिंपे मापणारे आणि व्यापारी हे त्याचे वाचक होते.

दशांशांची कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. समरकंद येथील गणिती अल काशी याने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी तिचा उपयोग केला होता. परंतु युरोपातील सामान्य जनांच्या हाती ती दिली स्टेव्हिनने. तो प्रत्येक अंकापुढे वर्तुळात त्याचे स्थान लिही : दशांशासाठी एक, शतांशासाठी दोन, सहस्रांशासाठी तीन. आपण आज त्याऐवजी एकच दशांश चिन्ह देतो.

आता ते दोन तुकडे पुन्हा पाहा. पाच अष्टमांश म्हणजे ०.६२५ आणि सोळा पंचविसांश म्हणजे ०.६४. घाईने पाहणाऱ्यास सहाशे पंचवीस हे चौसष्टाहून मोठे वाटतील आणि तो फसेल. पण डावीकडून एकेक स्थान ताडून पाहावे. दशांशस्थानी दोन्हीकडे ६ आहेत. शतांशस्थानी एकीकडे २, तर दुसरीकडे ४ आहेत. म्हणून ०.६४ हाच मोठा तुकडा. पुढचे सहस्रांश कितीही असले, तरी हा निर्णय बदलत नाही. अंकांची संख्या नव्हे, तर त्यांचे स्थान महत्त्वाचे!

स्टेव्हिनची बुद्धी अनेक क्षेत्रांत चालली. ऑरेंजचा राजपुत्र मॉरिस याचा तो गणिताचा गुरू व सल्लागार झाला. लायडन येथे १६०० साली निघालेल्या अभियंत्यांच्या शाळेचा अभ्यासक्रम त्याने आखला. तेथेही शिक्षण डच भाषेतूनच दिले जाई. समुद्रकिनाऱ्यावर वाऱ्याच्या बळाने धावणारी शिडाची गाडीही त्याने बनविली. १६२० साली त्याचे निधन झाले.

नाणी, वजने आणि मापे यांचेही दहा-दहा भाग करावेत, असे त्याने आपल्या पुस्तकात सुचविले होते. ते घडण्यास फार काळ जावा लागला. फ्रान्सने १७९५ साली दशमान मापांचा कायदा केला. आपल्या देशात १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांचा रुपया जाऊन शंभर नव्या पैशांचा रुपया आला.

ज्ञान थोड्यांच्या तिजोरीत राहिले, तर ते इतरांना परावलंबी करते. सर्वांना वाटले, तर सर्वांना सावध व स्वतंत्र करते. एका हिशेबनिसाने हे ओळखले. म्हणूनच आज बाजारात आपले माप आपणच ताडून पाहू शकतो.