कर्जाविना पदवी

नोकरीच्या पहिल्या पगारापासून शैक्षणिक कर्जाचे हप्ते फेडणारी मुले आज अनेक घरांत आहेत. अशा वेळी मला कर्मवीर भाऊराव पाटील आठवतात. १८८७ साली कुंभोजला जन्मलेल्या भाऊरावांचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबले. १९१९ मध्ये त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीला जेवू लागली. पैसे संपले, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले. अखेर मंगळसूत्रही मोडले.

पण दानावर किती दिवस भागणार? भाऊरावांनी मुलांच्या हाती कुदळ दिली. शेतात राबायचे आणि त्या श्रमावर शिकायचे. १९४७ मध्ये साताऱ्यात निघालेले छत्रपती शिवाजी कॉलेजही याच ‘कमवा आणि शिका’च्या पायावर उभे राहिले. १९५९ मध्ये भाऊराव गेले.

आज नुसत्या कुदळीवर इंजिनिअरिंगची फी भागणार नाही, हे खरेच. तरी गरिबाच्या पोराचा शिक्षणखर्चच कसा घटेल, हा त्यांचा हिशेब जुना झालेला नाही. कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी आपण पालकांनी तो संस्थाचालकांना आणि सरकारला विचारावा, असे मला वाटते.