विद्यार्थ्यांच्या तहानेची जाण ठेवणारे बाबासाहेब

धुळे शहराच्या दक्षिणेस, मुंबई-आग्रा महामार्गालगत लळिंगचा किल्ला उभा आहे. त्या परिसरातील लांडोर बंगल्यावर दरवर्षी ३१ जुलैला खानदेशच्या गावोगावचे समाजबांधव मुलाबाळांसह जमतात. १९३७ साली न्यायालयीन कामानिमित्त धुळ्यास आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे पाय त्या वास्तूला लागले, ही त्यामागची कृतज्ञता. परंतु खानदेशाशी निगडित अशी त्यांच्या आयुष्यातील आणखी एक घटना आहे. ती चाळीसगावची आहे, आणि ती आनंदाची नाही. निवासी शाळा चालवणाऱ्यांनी, तेथे आपली मुले ठेवणाऱ्या पालकांनी आणि तेथून शिकून बाहेर पडलेल्या माजी विद्यार्थ्यांनी ती घटना विसरू नये असे वाटते. मात्र तिचा अर्थ कळण्यासाठी आधी बाबासाहेबांच्या बालपणाकडे जावे लागते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत भीमरावांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर हे कुटुंब काही काळाने साताऱ्यास आले आणि तेथेच १८९६ साली आई भीमाबाईंचे निधन झाले. पोरक्या मुलांचा सांभाळ आत्या मीराबाईंनी केला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव इंग्रजी पहिलीच्या पटावर चढले. आज हाच दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

पटावर नाव आले, तरी वर्गात जागा मिळाली नव्हती. इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर त्याला बसावे लागे. ते गोणपाट शाळेची झाडलोट करणारा नोकरही शिवत नसे, म्हणून रोज संध्याकाळी ते घरी न्यायचे आणि सकाळी पुन्हा आणायचे. तहान लागली तर नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने तोटी सोडली तरच ओंजळीत पाणी पडे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणीही नसे. घरी खाण्यापिण्याची ददात नव्हती, वडील शिकलेले होते, मुलगा बुद्धिमान होता. तरीही त्याचे पाणी दुसऱ्याच्या सवडीवर आणि मर्जीवर अवलंबून होते.

१९०१ च्या उन्हाळ्यातील प्रसंग तर सर्वश्रुत आहे. वडील गोरेगाव येथे दुष्काळी कामावर खजिनदार होते. त्यांना भेटायला नऊ-दहा वर्षांचा भीम घरातील इतर मुलांसह निघाला. मुले मसूर स्थानकावर उतरली, पण त्यांच्या येण्याचे पत्र वडिलांना मिळालेच नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आले नाही. मुलांची जात कळताच बैलगाडीवाले भाडे घेईनात. अखेर एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला, पण अट अशी की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने पायी चालणार. फराळाचे डबे भरलेले होते, पण घोटभर स्वच्छ पाणी कोणी देईना. आणि पाण्यावाचून घास घशाखाली उतरेना. जकात नाक्यावर त्या लेकरांनी तहानेपोटी आपली जातही लपवून पाहिली, तरी पाणी मिळाले नाही. चांगल्या कपड्यांतील ती मुले रात्रभर उपाशी आणि घाबरलेल्या अवस्थेत राहिली व दुसऱ्या दिवशी वडिलांकडे पोहोचली. घरातून निघालेले मूल मुक्कामी सुखरूप पोहोचेल की नाही, ही काळजी त्या काळी प्रत्येक अस्पृश्य आईबापाच्या मनात असे.

पुढे कुटुंब मुंबईला परळच्या चाळीतील एका खोलीत राहू लागले. स्वयंपाक, झोप, अभ्यास, सारे तेथेच. भीम लवकर झोपे आणि रात्री दोनच्या सुमारास वडील त्याला उठवून दिव्यापाशी अभ्यासाला बसवीत. कारण चाळ शांत असण्याची तेवढीच वेळ होती. मुलाने पुस्तक मागितले आणि हाती पैसा नसला, तर रामजीबाबा विवाहित मुलींकडून दागिना मागून आणत व तो गहाण टाकून पुस्तक घेत. महागडी शिकवणी या बापाला शक्य नव्हती. मुलाची झोप, मुलाचा दिवा आणि मुलाचे पुस्तक या तीन गोष्टी मात्र त्याने स्वतःच्या सुखाच्या आधी ठेवल्या. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून भीमराव मॅट्रिक झाले. त्या वेळच्या सत्कारसभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. याच गुरुजींच्या शब्दामुळे पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि महाविद्यालयीन शिक्षणाची वाट मोकळी झाली.

१९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आणि नंतर लंडनमध्ये अभ्यास सुरू करून भीमराव १९१७ साली बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला खोली मिळेना. एका पारशी पथिकाश्रमात नाव लपवून ते राहिले. काही दिवसांतच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. मित्रांनीही अडचणी सांगितल्या. सामान घेऊन एका बागेत बसून त्यांनी मुंबईच्या गाडीची वाट पाहिली. परदेशातील पदव्या एका रात्रीचा निवारासुद्धा देऊ शकल्या नाहीत. मुंबईत प्राध्यापकी करून त्यांनी पैसा जमवला, पुन्हा लंडनला जाऊन अर्धपोटी राहून उच्च पदव्या मिळवल्या आणि ते बॅरिस्टर होऊन परतले. या धडपडीची झळ घरालाही बसली. बाबासाहेब आणि रमाई यांच्या पाच अपत्यांपैकी चार बालपणीच दगावली. शेवटचा राजरत्न १९२६ साली गेला. अपत्यवियोगाचे दुःख या घराने चार वेळा सोसले होते, हे त्यांचे विद्यार्थीविषयक कार्य पाहताना विसरता येत नाही.

बॅरिस्टर झालेल्या बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या आरंभीच्या कामांतले एक होते वसतिगृह. ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांसाठी ते सुरू झाले. विद्यार्थ्यांच्या जेवणाचा, कपड्यांचा, वह्यापुस्तकांचा भार सभेने उचलला आणि सोलापूर नगरपालिकेने चाळीस रुपयांचे अनुदान दिले. मुंबईत मोफत वाचनालय निघाले. तरुणांची पावले जुगाराच्या आणि दारूच्या अड्ड्यांकडे वळू नयेत म्हणून हॉकीचा संघही काढण्यात आला. शंभर वर्षांपूर्वी, हाताशी पैसा नसताना, या संस्थेने भोजनगृह, वाचनालय आणि क्रीडांगण ही तिन्ही एकाच वेळी आवश्यक मानली. मूल शिकवायचे तर त्याचे पोट, मन आणि मोकळा वेळ या सर्वांची काळजी घ्यावी लागते, हे त्यांनी ओळखले होते.

१९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी हजारोंच्या साक्षीने पाण्याची ओंजळ घेतली. साताऱ्याच्या शाळेतील तोटीपाशी उभा असलेला तो मुलगा त्या दिवशी त्यांच्याबरोबर होता, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

पुढच्याच वर्षी मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासी समाजांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. तिचे सभासद म्हणून १९२९ साली बाबासाहेब खानदेशच्या दोन्ही जिल्ह्यांत आले. काम आटोपून परतताना चाळीसगावला उतरून ते धुळे मार्गावरील एका गावी सामाजिक बहिष्काराच्या चौकशीसाठी गेले. परत आल्यावर चाळीसगावच्या समाजबांधवांनी एक रात्र आपल्याकडे राहण्याचा आग्रह केला. स्थानकाबाहेर टांगे उभे होते, पण एकही टांगेवाला महाराला घेऊन जायला तयार होईना. पाहुण्याने पायी चालावे, हे लोकांच्या मनाला पटेना. शेवटी एकाने टांगा भाड्याने दिला, पण तो हाकायला तो बसला नाही. आपल्यातलाच एकजण लगाम घेऊन बसला. त्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता. थोड्याच अंतरावर मोटारीशी धडक होता होता टळली. पुढे नदीवरच्या कठडे नसलेल्या फरशीवर वळताना घोडा बिथरला, चाक दगडावर आदळले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि घोड्यासह टांगा नदीत कोसळला. त्यांचा पाय मोडला. पलीकडच्या काठावर स्वागतासाठी जमलेल्या बायामाणसांनी रडत त्यांना उचलून नेले.

मसूरची बैलगाडी आणि चाळीसगावचा टांगा यांच्यामध्ये अठ्ठावीस वर्षांचे अंतर आहे. एवढ्या काळात त्या मुलाचा जगन्मान्य विद्वान झाला, तरी वाहन हाकायला माणूस मिळाला नाही. हा दोष जातिव्यवस्थेचा, यात शंका नाही. परंतु या प्रसंगाची दुसरी बाजूही बाबासाहेबांनी स्वतः नोंदवून ठेवली आहे. पाहुण्याच्या मानापुढे त्याच्या सुरक्षिततेचा विचार आपल्या माणसांकडून राहून गेला, हे त्यांनी लपवले नाही. त्या माणसांचे प्रेम अपार होते; कमी पडली ती तयारी. मुलांचे संगोपन करणाऱ्या प्रत्येकाने हा धडा घ्यावा असा आहे. केवळ जीव लावल्याने मूल सुरक्षित राहत नाही. त्यासाठी जाणता हात लागतो आणि रोज न चुकता चालणारी व्यवस्था लागते.

बाबासाहेबांच्या पुढील कार्याकडे या दृष्टीने पाहिले तर त्यातील सूत्र स्पष्ट दिसते. ज्या गोष्टी त्यांना बालपणी कोणाच्या तरी दयेवर मिळाल्या किंवा मिळाल्याच नाहीत, त्या पुढच्या पिढीला हक्काने आणि नियमाने मिळाव्यात, असा त्यांचा प्रयत्न होता. १९२८ साली त्यांनी दलित वर्ग शिक्षण संस्था स्थापन केली आणि सरकारने मंजूर केलेली पनवेल, ठाणे, नाशिक, पुणे व धारवाड येथील वसतिगृहे चालवण्याची जबाबदारी घेतली. अनुदान अपुरे पडे, तेव्हा त्यांनी समाजातील दात्यांपुढे हात पसरण्यात कमीपणा मानला नाही. १९३० साली आलेल्या स्टार्ट समितीच्या अहवालात शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहे वाढवण्याची शिफारस होती. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी मातांना स्वच्छता राखण्याचा, मुलांना व्यसनांपासून दूर ठेवून शिकवण्याचा आणि त्यांच्या लग्नाची घाई न करण्याचा आग्रह केला. दिल्लीत मंत्रिपदावर असताना अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद त्यांनी करून घेतली.

घटना समितीतील एक प्रसंग फारसा सांगितला जात नाही. १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये मोफत शिक्षणाच्या कलमावर चर्चा सुरू होती. ही जबाबदारी प्राथमिक शिक्षणापुरती मर्यादित ठेवावी अशी सूचना आली. बाबासाहेबांनी ती नाकारली. चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात, खाणीत कामाला लावण्यास राज्यघटना मनाई करते. मग ते मूल कामावर जाणार नसेल तर त्या वयापर्यंत ते शाळेत असले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. एका कलमाने धोक्याच्या कामाचे दार बंद केले आणि दुसऱ्याने शाळेचे दार उघडे ठेवले. खानदेशातून ऊसतोडीला, वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांना या दोन कलमांचे मोल वेगळे सांगायला नको. आईबाप कोयता घेऊन गाव सोडतात, तेव्हा मूल मागे कोणाजवळ राहणार, या प्रश्नाला निवासी शाळा हेच उत्तर आहे. ते उत्तर नसेल तेथे मुलगा फडावर जातो आणि मुलीचे लग्न उरकले जाते.

८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली खानदेशाच्या शेजारी औरंगाबादेत पुढे मिलिंद नावाने प्रसिद्ध झालेले महाविद्यालय सुरू झाले. नागसेनवनाचा तो परिसर दूरच्या खेड्यांतून येणाऱ्या, शहरात कोणी ओळखीचे नसलेल्या मुलांचे घर झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी लाखो अनुयायांसह बुद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आग्र्याच्या सभेत त्यांनी एक खंत बोलून दाखवली होती. शिकलेली माणसे समाजाकडे पाहतील अशी त्यांची अपेक्षा होती. ती आपापल्या पोटापाण्यातच गुंतली, याचे दुःख त्यांना झाले होते. वसतिगृहांच्या छताखाली वाढून नोकरी, व्यवसाय, अधिकारपद मिळवलेल्या आपल्यासारख्या माजी विद्यार्थ्यांना ही खंत सर्वांत आधी लागू पडते.

तिला उत्तर देण्यासाठी मोठे दान द्यावेच लागते असे नाही. सुटीत गावी आलो की वसतिगृहात एक फेरी मारावी. पिण्याच्या पाण्याची टाकी केव्हा धुतली, तापाने फणफणलेल्या मुलाला रात्री दवाखान्यात कोण नेते, मुलींच्या खोलीला आतून कडी आहे का, झोपण्याच्या वेळी दिवा कोण मालवते, घरची आठवण येऊन रडणारे मूल कोणाजवळ मन मोकळे करते, हे गृहपालांना आपुलकीने विचारावे आणि जे कमी असेल ते भरून काढण्यास हातभार लावावा. पालकांनीही मुलाला शाळेत सोडून निश्चिंत न होता दर महिन्याला येऊन हेच पाहावे. साताऱ्याच्या शाळेत एका मुलाला शिपायाची वाट पाहत तहानलेले बसावे लागले होते. आपल्या संस्थेतील प्रत्येक मूल मनात येईल तेव्हा उठून स्वतःच्या हाताने पाणी पिते, याची खात्री आपण करून घेतली, तर बाबासाहेबांचे स्मरण सार्थकी लागेल.